फिरत्या घराचा घसारा : पेट्रोल की डिझेल?

उन्हाळा सुरू झाला की अमेरिकेच्या महामार्गांवर एसटीच्या बसपेक्षाही लांब-रुंद अशी फिरती घरे दिसू लागतात. आत शयनगृह, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, शीतकपाट आणि पुढे चालकाची खुर्ची. या वाहनास तेथे ‘मोटारहोम’ म्हणतात. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टर-अभियंत्यांची पहिली पिढी केव्हाच निवृत्त झाली. तिच्या मागून गेलेलीही आता त्या उंबरठ्यावर आहे. मुले मार्गी लागली, घराचे कर्ज फिटले, आता यलोस्टोनपासून फ्लोरिडापर्यंतचा देश निवांत पाहावा, असा विचार करणाऱ्या अनेक दांपत्यांच्या मनात मोटारहोमचे स्वप्न डोकावते. स्वप्नाला हरकत नाही. परंतु घरानंतरची आयुष्यातील ही बहुधा सर्वांत मोठी खरेदी असते आणि जागेच्या किमतीप्रमाणे ती वाढत नाही, दरवर्षी झिजते. या झिजेचा, म्हणजे घसाऱ्याचा, हिशेब पेट्रोल आणि डिझेल यांतील निवड करताना कसा मांडावा, हे या लेखात पाहू.

‘गॅस’ म्हणजे पेट्रोल

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. अमेरिकेत ‘गॅस’ म्हणजे गॅसोलिन, अर्थात आपले पेट्रोल. आपल्याकडील सीएनजी वा स्वयंपाकाच्या गॅसशी त्याचा संबंध नाही. मोटारहोममध्ये प्रोपेनची टाकी असते खरी. पण ती शेगडी, पाणी तापविणे आणि ऊब यांसाठी.

मोटारहोमचे ढोबळमानाने तीन वर्ग आहेत. ‘क्लास बी’ म्हणजे मोठ्या व्हॅनच्या आतच बसविलेले लहान घर. ‘क्लास सी’ म्हणजे ट्रकच्या केबिनमागे जोडलेले घर. केबिनच्या डोक्यावर झोपण्याची जागा असते. ‘क्लास ए’ म्हणजे उघड्या सांगाड्यावर संपूर्ण नव्याने बांधलेले, बससारख्या सपाट तोंडाचे मोठे घर. पेट्रोल की डिझेल हा वाद मुख्यतः या ‘क्लास ए’मध्ये रंगतो.

पेट्रोलवरील बहुतेक ‘क्लास ए’ गाड्या फोर्डच्या एफ-५३ या सांगाड्यावर उभ्या असतात. पूर्वी त्यात ६.८ लिटरचे व्ही-१० इंजिन असे. २०२० च्या सुमारास त्याची जागा ७.३ लिटरच्या व्ही-८ इंजिनाने घेतली. इंजिन पुढे, चालकाच्या पायाशी असल्याने चढावर त्याची घरघर सतत कानी पडते. डिझेल गाडीत इंजिन मागे असते, म्हणून तिला ‘पुशर’, म्हणजे मागून ढकलणारी, असे म्हणतात. फ्रेटलायनर वा स्पार्टनचा सांगाडा, कमिन्सचे इंजिन, अ‍ॅलिसनचा गिअरबॉक्स, हवेचे ब्रेक आणि हवेच्या पिशव्यांवरील सस्पेन्शन ही तिची ओळख. ती शांत चालते, जास्त वजन ओढते आणि साहजिकच बरीच महाग असते.

घसारा म्हणजे नेमके काय?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवितात. सरळ रेषा पद्धतीत दरवर्षी सारखीच रक्कम वजा होते; ऱ्हासमान शेष पद्धतीत उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के कापले जातात, त्यामुळे पहिल्या वर्षांत घट मोठी आणि पुढे कमी होत जाते. जुन्या वाहनांचा बाजार साधारणपणे दुसऱ्या पद्धतीने वागतो. आपल्याकडे मोटार विम्यातील ‘आयडीव्ही’ आठवून पाहावा. नवी गाडी सहा महिने ते एक वर्षाची झाली की १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २० टक्के, आणि चार ते पाच वर्षांची झाली की ५० टक्के घसारा धरला जातो. मोटारहोमचा तक्ता वेगळा असला तरी रेषेचा कल तोच : दुकानाच्या फाटकाबाहेर पडताच मोठी घट, नंतर संथ उतार.

येथे एक सावधगिरी हवी. घसारा मोजावयाचा तो प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवर, काचेवर चिकटविलेल्या छापील किमतीवर नव्हे. मोटारहोमच्या विक्रीत छापील किमतीवर मोठी सूट देण्याची रीत आहे. छापील आकड्यावर घसारा काढला तर तो भयंकर दिसतो. आणि सूट न मागता खरेदी केली, तर तो खरोखरच तितका भयंकर ठरतो.

टक्के सारखे, डॉलर वेगळे

विक्रेत्याकडे गेल्यावर ऐकू येणारे वाक्य ठरलेले असते : “डिझेलची किंमत चांगली टिकते.” टक्केवारीत पाहिले तर हे काही वेळा खरेही असते. परंतु खिशातून जातात ते डॉलर, टक्के नव्हेत.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्यासमोरील गाड्यांच्या प्रत्यक्ष किमती घालाव्यात. समजा, पेट्रोलची नवी गाडी १,८०,००० डॉलरला आणि डिझेलची ३,००,००० डॉलरला मिळते. पाच वर्षांत दोन्हींची किंमत ४० टक्क्यांनी उतरते. पेट्रोल गाडी १,०८,००० डॉलरवर येईल, तोटा ७२,०००. डिझेल गाडी १,८०,००० डॉलरवर येईल, तोटा १,२०,०००. टक्केवारी एकच, पण डिझेलवाल्याचे ४८,००० डॉलर अधिक गेले.

आता उलट प्रश्न विचारू. डिझेलचा तोटाही ७२,००० डॉलरवरच थांबायचा असेल, तर तिची किंमत किती टिकावयास हवी? तीन लाखांवर ७२,००० म्हणजे २४ टक्के. अर्थात पाच वर्षांनी तिला मूळ किमतीच्या ७६ टक्के मिळाले पाहिजेत, तेही पेट्रोल गाडीला ६० टक्के मिळत असताना. ‘किंमत चांगली टिकते’ याचा अर्थ दोन-चार टक्क्यांचा फरक असेल, तर तो येथे पुरेसा नाही.

गुंतलेल्या भांडवलाचे व्याज ही दुसरी बाब. डिझेलसाठी मोजलेले जादा १,२०,००० डॉलर ५ टक्के व्याजाने ठेवले असते, तर सरळव्याजाने वर्षाला ६,००० आणि पाच वर्षांत ३०,००० डॉलर मिळाले असते. घसाऱ्यातील फरक आणि हे बुडालेले व्याज मिळून ७८,००० डॉलर होतात.

इंधनाच्या बचतीचा भ्रम

“पण डिझेल मायलेज जास्त देते ना?” देते. अवजड पेट्रोल मोटारहोम गॅलनला साधारण सात-आठ मैल जाते. डिझेल त्याहून दोनेक मैल अधिक. आपल्याकडे टॅक्सी वा ट्रक घेताना हा मुद्दा निर्णायक असतो, कारण ते वाहन रोज धावते. मोटारहोम मात्र वर्षातील बहुतेक दिवस उभे असते.

आपल्या उदाहरणात वर्षाला ८,००० मैल, म्हणजे बऱ्यापैकी भटकंती, धरू. पाच वर्षांत ४०,००० मैल. गॅलनला ८ मैलांप्रमाणे पेट्रोल गाडीस ५,००० गॅलन लागतील. १० मैलांप्रमाणे डिझेल गाडीस ४,०००. पेट्रोल सव्वातीन डॉलर आणि डिझेल पावणेचार डॉलर गॅलन धरले, तर खर्च अनुक्रमे १६,२५० आणि १५,००० डॉलर. पाच वर्षांची बचत १,२५० डॉलर. अमेरिकेत डिझेल बहुधा पेट्रोलहून महाग असते, त्यामुळे मायलेजचा फायदा पंपावरच विरून जातो. घसाऱ्याच्या ४८,००० डॉलरांपुढे ही रक्कम चहापाण्याची म्हणावी लागेल.

शिवाय डिझेल पुशरची देखभालही भारी असते. इंजिन तेल कित्येक गॅलन लागते. हवेच्या ब्रेकची यंत्रणा, मोठे टायर, इंधनाचे फिल्टर या सर्वांचे दर ट्रकचे असतात. पेट्रोल गाडी व्यापारी वाहने हाताळणाऱ्या फोर्डच्या कार्यशाळेत दुरुस्त होऊ शकते. डिझेलसाठी ट्रकची कार्यशाळा गाठावी लागते.

इंजिन टिकते, घर टिकत नाही

डिझेल इंजिन लाखो मैल चालते, हा दावा खोटा नाही. ट्रकमध्ये ती इंजिने तशी चालतातच. प्रश्न असा की, मोटारहोमचा मालक ते आयुष्य वापरतो का? वर्षाला ८,००० मैलांनी दहा वर्षांत होतात ८०,००० मैल. तेवढे अंतर पेट्रोलचे इंजिनही नीट निगा राखल्यास विनातक्रार पार करते. म्हणजे डिझेल घेणारा जे दीर्घायुष्य विकत घेतो, त्यातील मोठा भाग त्याच्या कधीच उपयोगी पडत नाही.

दरम्यान, इंजिनाभोवतीचे घर मात्र म्हातारे होत असते. छताच्या सांध्यांतील लुकण सुकते, पाणी मुरते, भिंतींचे थर सुटू लागतात. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते आणि पाच-सात वर्षांत ते बदलावे लागतात. म्हणूनच मोटारहोमच्या किमतीवर मैलांपेक्षा वयाचा परिणाम जास्त होतो. अमेरिकेतील काही खासगी मुक्कामतळ दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना प्रवेश नाकारतात. या ‘दहा वर्षांच्या नियमा’ची धास्ती जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाच्या मनात असतेच. पाणी मुरलेले छत आणि दहाव्या वर्षाची रेषा यांपुढे पेट्रोल-डिझेल असा भेद नसतो.

त्याच धनादेशात तिसरा पर्याय

वरील उदाहरणात एक गोष्ट चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आली असेल. पाच वर्षे जुनी डिझेल गाडी १,८०,००० डॉलरला मिळते, आणि नव्या पेट्रोल गाडीची किंमतही तीच आहे. तेव्हा खरी तुलना नवी पेट्रोल आणि नवी डिझेल यांच्यात नसून, नवी पेट्रोल आणि वापरलेली डिझेल यांच्यात आहे. पहिल्या मालकाने १,२०,००० डॉलरचा घसारा सोसलेला आहे. दुसऱ्या मालकाने त्याचा लाभ का घेऊ नये?

समजा, हीच डिझेल गाडी दहाव्या वर्षी मूळ किमतीच्या ४० टक्क्यांवर, म्हणजे १,२०,००० डॉलरवर आली. दुसऱ्या मालकाचा पाच वर्षांतील घसारा ६०,००० डॉलर. नव्या पेट्रोल गाडीचा ७२,०००. आता पारडे डिझेलकडे झुकले. पण केवळ १२,००० डॉलरने, म्हणजे वर्षाला २,४०० डॉलरने. या काळात डिझेलची मूळ हमी संपलेली असेल. टायरचा पूर्ण संच, बॅटऱ्या, हवेच्या पिशव्या, धूरशुद्धीकरण यंत्रणा यांपैकी दोन-तीन दुरुस्त्या एकत्र आल्या, तर हा फरक पुसला जाण्यास वेळ लागणार नाही. म्हणून वापरलेली डिझेल गाडी घेणाऱ्याने वाचलेल्या घसाऱ्याची रक्कम खर्चून टाकू नये. दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. आणि खरेदीपूर्वी स्वतंत्र तपासनिसाकडून छत, भिंती व तळ तपासून, इंजिन व गिअरबॉक्सच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. या तपासणीचा खर्च वाया गेला, तरी तो सर्वांत स्वस्त विमा आहे.

बाजाराच्या लाटा

घसाऱ्याचा तक्ता कितीही नेटका असला, तरी बाजाराच्या लाटा त्यास जुमानत नाहीत. २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर आणि डिझेल साडेचार डॉलरवर गेले. पाठोपाठ वित्तीय संकट आले. मार्च २००९ मध्ये फ्लीटवुड आणि मोनॅको या दोन मोठ्या उत्पादकांनी दिवाळखोरीसाठी अर्ज केले. त्या वर्षी सर्व प्रकारची मनोरंजन वाहने मिळून कारखान्यांतून जेमतेम १ लाख ६५ हजारांच्या आसपास बाहेर पडली. त्या काळात ज्यांना गाडी विकणे भाग पडले, त्यांना तक्त्यातील किमती केवळ कागदावर दिसल्या.

कोविडच्या साथीत उलटे घडले. विमान आणि हॉटेल टाळण्यासाठी लोकांनी फिरत्या घरांकडे धाव घेतली. २०२१ मध्ये ६ लाखांहून अधिक वाहनांचा विक्रम झाला, आणि जुन्या गाड्यांना अपूर्व भाव आला. मग व्याजदर चढले, जून २०२२ मध्ये पेट्रोल पाच डॉलरवर गेले, आणि २०२३ मध्ये उत्पादन ३ लाख १३ हजारांच्या घरात उतरले. तेजीच्या शिखरावर गाडी घेणाऱ्यांच्या वाट्याला नेहमीचा घसारा आला आणि वर भाव उतरल्याचा फटकाही बसला. महागड्या डिझेल गाड्यांचे गिऱ्हाईक मुळातच थोडे असते. मंदीत ते आणखी आटते. पेट्रोल गाड्यांकडे प्रथमच खरेदी करणारे वळतात, म्हणून त्यांचा बाजार तुलनेने रुंद असतो. विकण्याची घाई असलेल्यास हा फरक जाणवतो.

नियमांचे सावट

डिझेलच्या पुनर्विक्रीवर प्रदूषण नियमांचीही छाया असते. अमेरिकेतील २००७ च्या नियमांनी अवजड डिझेल इंजिनांना काजळी अडविणारी गाळणी आणली. २०१० च्या नियमांनंतर युरियाच्या द्रावणाने धूर शुद्ध करणारी यंत्रणा आली. हवा स्वच्छ झाली, पण दुरुस्तीची नवी ठिकाणेही निर्माण झाली. त्यामुळे काही गिऱ्हाइके मुद्दाम २०१० पूर्वीची इंजिने शोधतात. कॅलिफोर्नियाने १४,००० पौंडांहून अवजड डिझेल वाहनांसाठी जी धूर-तपासणी योजना आणली, तिच्या कक्षेत त्या राज्यात नोंदलेली डिझेल मोटारहोम्सही आली.

नियम बदलला की किंमत कशी कोसळते, हे भारतीय वाचकांस सांगावयास नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले, तेव्हा सुस्थितीतील अनेक गाड्या तेथील मालकांना मिळेल त्या भावाने परप्रांतात विकाव्या लागल्या. गाडी बिघडली नव्हती. तिचा बाजार बिघडला होता.

कर्जाचा सापळा

मोटारहोमसाठी वीस-वीस वर्षांची कर्जे मिळतात. हप्ता हलका दिसतो, आणि तेथेच फसगत होते. आपल्या उदाहरणातील डिझेल गाडीसाठी १० टक्के रोख आणि २,७०,००० डॉलर ८ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर पाच वर्षांनी सुमारे २,३६,००० डॉलर फेडणे शिल्लक असेल. गाडीची किंमत तेव्हा १,८०,०००. म्हणजे गाडी विकूनही बँकेला खिशातून ५६,००० द्यावे लागतील. त्याच अटींवर पेट्रोल गाडीत हा खड्डा सुमारे ३४,००० डॉलरचा. दोन्ही वाईट, पण सत्तरीत आजारपण आले आणि गाडी विकणे भाग पडले, तर या दोन आकड्यांतील अंतर फार मोठे भासते.

करसवलतीचा मोहही तपासून घ्यावा. झोपण्याची जागा, स्वयंपाकघर व शौचालय असलेले मोटारहोम अमेरिकी करकायद्यानुसार ‘दुसरे घर’ ठरू शकते आणि त्या कर्जाच्या व्याजावर, अटींच्या अधीन, वजावट मिळू शकते. परंतु स्वतःच्या वापरातील गाडीच्या घसाऱ्यावर वजावट मिळत नाही, आणि ती तोट्यात विकली तर तो तोटाही वजा करता येत नाही. घसारा पूर्णपणे आपल्याच खिशातला असतो.

मग डिझेल कोणी घ्यावी?

याचा अर्थ डिझेल घेणे चूक आहे, असा नाही. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंचीवर आहे. तेथे विरळ हवेत साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद घटते; टर्बो असलेले डिझेल तेवढे दमत नाही, आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक मोठा आधार देतो. मागे मोटार जोडून नेणाऱ्यास, अधिक सामान बाळगणाऱ्यास, किंवा वर्षभर गाडीतच राहणाऱ्यास डिझेलचे वजनवहन आणि शांतता मोलाची वाटते.

यासाठी घसारा दर मुक्कामामागे काढून पाहावा. वर्षाला ६० रात्री, पाच वर्षांत ३०० रात्री धरल्या, तर नव्या पेट्रोल गाडीचा घसारा रात्रीमागे २४० डॉलर, नव्या डिझेलचा ४००, आणि वापरलेल्या डिझेलचा २०० डॉलर पडतो. इंधन, विमा, मुक्कामतळाचे भाडे वेगळेच. इतक्या पैशांत उत्तम हॉटेल मिळते, हे विसरू नये. मात्र वर्षाला ३०० रात्री गाडीत राहणाऱ्यास हेच आकडे ४८, ८० आणि ४० वर येतात. अधिक वापराने किंमत थोडी जास्त उतरेल, तरीही सुखासाठी रात्रीमागे तीसेक डॉलर जादा मोजणे अशा कुटुंबास परवडू शकते.

म्हणून क्रम असा असावा : आधी वर्षातील रात्री आणि मैल प्रामाणिकपणे लिहून काढावेत, मग गाडी किती वर्षांनी विकणार ते ठरवावे, त्यानंतर त्या वयाच्या, त्याच बनावटीच्या गाड्या प्रत्यक्षात काय भावाने विकल्या जात आहेत ते जे. डी. पॉवरच्या मूल्यदर्शिकेत आणि जाहिरातींत पाहावे. जाहिरातीतील भाव हा मागितलेला असतो, मिळालेला नव्हे, याचे भान ठेवावे. शेवटी एक हंगाम गाडी भाड्याने घेऊन पाहावी. भाड्याच्या गाडीचा घसारा दुसऱ्याचा असतो.

डिझेल आरामासाठी, चढासाठी, ओढण्याच्या ताकदीसाठी जरूर घ्यावी. ती पैसे वाचविते, या समजुतीने मात्र घेऊ नये. आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेल्या फिरत्या घराची किंमत खरेदीच्या पावतीवर अर्धीच लिहिलेली असते; उरलेली अर्धी ते विकावयास काढतो त्या दिवशी कळते. तो दिवस डोळ्यांपुढे ठेवून पावतीवर सही केली, तर पुढचा प्रवास निर्धास्त होईल.